ग्रीन शॅकची पाटी आणि हवेतला निऑन

लास व्हेगासच्या फ्रीमाँट स्ट्रीटवर ‘ग्रीन शॅक’ नावाचं खाण्यापिण्याचं ठिकाण होतं. 1930 च्या दशकात हूव्हर धरणाचं काम चालू असताना मजूर तिथे तळलेली कोंबडी खायला येत. पुढे शहरात टोलेजंग कॅसिनो उभे राहिले, तरी या जुन्या ठिकाणाची वहिवाट मोडली नाही. 1999 मध्ये ते बंद झालं, पण पाटी वाचली. त्याच शहरातल्या निऑन म्युझियमच्या सर्वांत जुन्या पाट्यांमध्ये आज तिची गणना होते.

अशी पाटी नुसती पत्र्याची नसते. तिच्यातला उजेड चक्क हवेतून काढलेला असतो!

1898 मध्ये लंडनला विल्यम रॅमसे आणि मॉरिस ट्रॅव्हर्स द्रवरूप हवेतले वायू वेगळे करत होते. त्यातल्या एका वायूतून वीज सोडताच नळी लालभडक उजळली. तोच निऑन. हवेच्या 10 लाख भागांत तो जेमतेम 18 भाग असतो. तरी आपल्या प्रत्येक श्वासाबरोबर त्याचे अब्जावधी अणू आत जातात आणि कशातही न मिसळता जसेच्या तसे बाहेर पडतात. 1910 मध्ये जॉर्ज क्लोद यांनी पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात निऑनचे दिवे लावले. अमेरिकेत 1933 मध्ये देशव्यापी दारूबंदी उठली आणि बारच्या दारोदारी हा उजेड आला.

नळी घडते ती मात्र हातानेच. कारागीर बोटाएवढ्या जाडीची काच ज्योतीवर फिरवत मऊ करतो आणि कागदावर उलट्या काढलेल्या अक्षरांवर ठेवून वाकवतो. काच थिजायच्या आत वळण साधायला हाताशी काही सेकंदच असतात. नळी चिमटू नये म्हणून तोंडात धरलेल्या रबरी नळीतून तो हलकेच फुंकत राहतो. मग आतली हवा उपसून थोडासा निऑन भरतात, बाहेरच्या हवेच्या साधारण शंभराव्या हिश्श्याच्या दाबाने. दोन अक्षरांना जोडणारा भाग काळ्या रंगाने झाकतात. आतून वायू सलग असतो. आपल्याला मात्र अक्षरं सुटी दिसतात.

हजारो व्होल्टच्या दाबाने वीज नळीतून धावते आणि इलेक्ट्रॉन निऑनच्या अणूंवर आदळतात. धक्का बसलेला अणू मिळालेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने टाकून पुन्हा मूळ स्थितीत येतो. या प्रकाशाच्या तरंगलांबी अणूच्या रचनेनेच ठरलेल्या असतात. म्हणून शुद्ध निऑनचा तो नारिंगी झाक असलेला लाल रंग 1930 च्या दशकात जसा होता तसाच आजही असतो. यात काहीच जळत नाही, म्हणून चांगली बनवलेली नळी कित्येक दशकं टिकते.

आपल्याकडच्या कॅफेंत हल्ली दिसणारी बहुतेक ‘निऑन’ अक्षरं म्हणजे लवचीक आवरणातल्या एलईडी पट्ट्या असतात. खरी नळी ओळखायची तर अक्षरांमधला काळा रंगवलेला भाग शोधा. तशी जुनी पाटी कुठे उतरवत असतील, तर ती भंगारात जाऊ देऊ नका. निऑन हवेतून पुन्हा मिळेल, रंगही हुबेहूब तोच येईल. पण एका विशिष्ट हाताने काचेला दिलेलं ते वळण पुन्हा मिळणार नाही.