चौदा गळे, एक वर्ष आणि शतकाचे गाणे

अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात न्यू हेवन नावाचे शहर आहे आणि त्या शहरात येल विद्यापीठ. तिथे १९०९ पासून गाणारा एक गट दर वर्षी विसर्जित होतो आणि दर वर्षी नव्याने उभा राहतो. गटात चौदा विद्यार्थी असतात. नव्या चौदा जणांची निवड झाली की ते एक वर्ष गातात आणि मग सगळेच्या सगळे बाजूला होतात. जुना एकही गायक पुढच्या वर्षासाठी मागे राहत नाही. गाणी बसवणारा दिग्दर्शक विद्यार्थी, कार्यक्रम ठरवणारा विद्यार्थी, पैशांचा हिशेब ठेवणाराही विद्यार्थीच. असा गट पाच-दहा वर्षांत विखुरला असता तरी कुणाला नवल वाटले नसते. पण ‘व्हिफनपूफ्स’ नावाच्या या गटाने शंभरी कधीच ओलांडली. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन अ कापेला गटांमध्ये, म्हणजे वाद्याच्या साथीशिवाय केवळ गळ्यांवर गाणाऱ्या गटांमध्ये, तो सर्वांत जुना मानला जातो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत चौघांनी एकत्र गाण्याचा मोठा शौक होता. केशकर्तनालयात, रस्त्याच्या कोपऱ्यावर, मद्यगृहात चार पुरुष जमले की चार सुरांत गाणे रंगे. येलमध्ये ‘ग्ली क्लब’ हे समूहगायन मंडळ १८६१ पासून होते आणि त्यातूनच निवडक गायकांची चौकडी तयार होई. ही चौकडी टेंपल रस्त्यावरच्या ‘मॉरीज’ नावाच्या मद्यगृहात नेमाने बसू लागली. मालक लुई लिंडर स्वतः गाण्याचा दर्दी होता. १९०९ च्या जानेवारीत तिथे जमणाऱ्या पाच जणांनी आपल्या बैठकीला रीतसर गटाचे रूप दिले. मीड मिनिगरोड, जॉर्ज पॉमरॉय, कार्ल लोमन, जेम्स हॉवर्ड आणि डेंटन फाउलर ही त्यांची नावे. फाउलरला मित्र ‘गोट’ म्हणत.

नाव त्यांनी एका विनोदी नाट्यप्रयोगातून उचलले. विन्झर मके यांच्या चित्रमालिकेवर आधारलेली, व्हिक्टर हर्बर्ट यांचे संगीत असलेली ‘लिटल नीमो’ ही संगीतिका १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आली होती. तीत जोसेफ कॉथॉर्न हा विनोदी नट व्हिफनपूफ नावाच्या, कुठेच नसलेल्या माशाची लांबलचक थाप मारत असे. ती ऐकून पोरे इतकी खूश झाली की गटाला तेच नाव चिकटले. पुढे गटात गायलेल्या अनेकांनी राजकारणात, व्यापारात, कलेत नाव काढले, पण गटाची पाटी मात्र त्या थापेचीच राहिली.

गटाच्या ओळखीचे गाणेही त्याच वर्षी जन्मले आणि या गाण्याची एक मुळी थेट मुंबईत पोचते. मिनिगरोड आणि पॉमरॉय यांनी शब्द रचले ते रुडयार्ड किपलिंग यांच्या ‘जंटलमेन-रँकर्स’ या कवितेच्या आधारे. किपलिंग यांचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईतला. वडील जॉन लॉकवुड किपलिंग तेव्हा जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिल्पकला शिकवत होते. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरची शिल्पे त्यांच्याच रेखाटनांवरून घडली. रुडयार्डला लहानपणीच शिक्षणासाठी इंग्लंडला धाडले गेले. १८८२ मध्ये तो परत आला तो लाहोरच्या वृत्तपत्रात नोकरी करायला. छावण्यांतले गोरे शिपाई त्याने तिथे जवळून पाहिले. १८९२ च्या संग्रहात आलेली ही कविता आहे मोठ्या घरातल्या, शिकलेल्या पण आयुष्याची धूळधाण करून साधे शिपाई म्हणून भरती झालेल्या माणसांची. स्वतःला ते कळपातून भरकटलेली मेंढरे म्हणवतात.

येलच्या पोरांनी त्या कवितेतली मेंढरे उचलली आणि छावणीच्या जागी मॉरीजचे टेबल ठेवले. किपलिंगची उद्ध्वस्त माणसे गेली आणि त्या जागी महाविद्यालयाचे शेवटचे वर्ष संपत आलेली, एकमेकांना सोडून जायचे दुःख हसण्यात लपवणारी मुले आली. चाल टॉड गॅलोवे यांच्या नावावर सांगितली जाते. गाण्याचा भाव निरोपाचा आहे. आपणही जाणार आणि विसरले जाणार, हे गाणाऱ्यांनी आधीच मान्य केले आहे. ज्या गटाला दर वर्षी स्वतःला संपवायचे आहे त्याला याहून योग्य गाणे मिळाले नसते.

गाणे लवकरच विद्यापीठाच्या भिंतींबाहेर पडले. येलचाच पदवीधर रूडी व्हॅली हा त्या काळचा रेडिओवरचा लाडका गायक. १९३७ मध्ये त्याने ते ध्वनिमुद्रित केले. १९४७ मध्ये बिंग क्रॉस्बीने फ्रेड वेअरिंग यांच्या गायकवृंदासह गायले तेव्हा ते अमेरिकेतल्या घराघरांत पोचले. लुई आर्मस्ट्राँगने १९५४ मध्ये त्याचे जॅझ विडंबन गायले. इतकी कीर्ती मिळालेले गाणे एखाद्या गटाने दुकानातल्या मालासारखे वापरले असते. व्हिफनपूफ्सनी मात्र ते कार्यक्रमाच्या शेवटासाठी राखून ठेवले. शेवटचे गाणे आले की श्रोत्यांमध्ये बसलेले जुने व्हिफनपूफ उठून पुढे येतात आणि नव्या मुलांच्या बरोबरीने उभे राहतात. वीस वर्षांचा विद्यार्थी आणि सत्तरीतला गृहस्थ एकाच सुरावर येतात. तालमीची गरज पडत नाही, कारण आपापला भाग दोघांनाही पाठ असतो.

या गाण्याची तांत्रिक बाजूही समजून घेण्याजोगी आहे. मूळ बांधणी पुरुषी आवाजाच्या चार भागांची: पहिला टेनर, दुसरा टेनर, बॅरिटोन आणि बास. चौदा जण या चार भागांत वाटले जातात, त्यामुळे एकेका भागाला तीन-चार गळे मिळतात. सगळे सूर एकमेकांच्या अगदी जवळ बांधलेले असतात, म्हणून एखादा गळा किंचित उतरला तरी साऱ्या गाण्याला तडा जातो. मदतीला पियानो नसतो. संगीताची सूत्रे सांभाळणाऱ्या विद्यार्थ्याला गटात ‘पिचपाइप’ म्हणतात. खिशातल्या चकतीएवढ्या सुरपेटीत फुंकून तो आरंभीचा सूर देतो आणि पेटी परत खिशात जाते. तिथून पुढे प्रत्येकाने शेजाऱ्याचा सूर ऐकत आपला सूर लावायचा. गाणे लांबले की सगळा गट नकळत खाली घसरू शकतो. तो घसरू न देणे हीच खरी साधना.

आणि सूर नेमका लागला की एक नवल घडते. उत्तम जुळवलेल्या तानपुऱ्यातून जसा कुणीही न छेडलेला स्वयंभू गंधार ऐकू येतो, तसा या चौदा गळ्यांच्या वर कुणीच न गायलेला एक सूर तरंगू लागतो. दोन्हीकडे कारण एकच. मूळ स्वरांमध्ये दडलेले उपस्वर जुळले की ते एकमेकांना बळ देतात आणि कानाला वेगळा स्वर म्हणून भासतात. पियानोसारख्या वाद्यांच्या ठरीव सुरांवर हा परिणाम मिळवणे कठीण असते. मोकळा गळा सूर केसभर वर-खाली करू शकतो, म्हणून त्याला ते साधते. साथ नसणे ही या गायनाची उणीव नव्हे. त्याचे सारे सामर्थ्य तिथूनच येते.

पोशाख मात्र पूर्ण दरबारी: मागे लांब पुच्छ असलेला काळा कोट, पांढरा बो टाय, पांढरे हातमोजे. असे चौदा जण अर्धवर्तुळात उभे राहतात. सोमवारी रात्री ते मॉरीजमध्ये जेवायला आलेल्या मंडळींच्या टेबलाटेबलांवर जाऊन गातात. मॉरीज १९१२ पासून यॉर्क रस्त्यावरच्या घरात आहे. जुन्या विद्यार्थ्यांनी संस्था उभारून ते चालवायला घेतले. लाकडी टेबलांवर पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी कोरलेली नावे आहेत. रंगावरून ओळखल्या जाणाऱ्या पेयांचे मोठे चांदीचे चषक टेबलाभोवती हातोहात फिरतात. आर्थिक अडचणीमुळे २००८ च्या अखेरीस मॉरीज बंद पडले आणि माजी विद्यार्थ्यांच्या मदतीने २०१० मध्ये पुन्हा उघडले. मधल्या काळात गटाचे घर गेले होते, गाणे चालूच होते.

गटात प्रवेश मिळवणे अवघड. येलमध्ये असे डझनाहून अधिक गट आहेत आणि बहुतेक विद्यार्थी पहिल्या वर्षीच त्यांपैकी एखाद्यात गाऊ लागतात. ‘स्पिझविंक्स’ १९१४ पासूनचा, ‘ॲली कॅट्स’ १९४३ पासूनचा. नव्या गायकांची निवड जाहीर होते त्या रात्री हे गट आवारातून धावत जाऊन निवडलेल्यांना गाठतात आणि त्यांच्यासाठी गातात. व्हिफनपूफ्सची पायरी यानंतरची. दोन-तीन वर्षे अशा गटांत तयार झालेले गळे इथे येतात. गेल्या काही दशकांत अनेकांनी शिक्षणातून एक वर्षाची सुट्टी घेऊन ते पूर्ण वर्ष गाण्याला दिले आहे. कार्यक्रमांच्या कमाईतून ते जगभर हिंडतात. दौऱ्याची आखणी, मुक्काम, व्यवहार सारे स्वतःच सांभाळतात. विसाव्या वर्षी असा संसार चालवणे हेही एक शिक्षण आहे.

जुन्या व्हिफनपूफ्सच्या यादीत १९१३ च्या तुकडीतला कोल पोर्टर आहे, पुढे ब्रॉडवेच्या सर्वांत मोठ्या गीतकार-संगीतकारांत गणला गेलेला. अमेरिकी सिनेटर प्रेस्कॉट बुश, म्हणजे एका अध्यक्षाचे वडील आणि दुसऱ्याचे आजोबा, हेही गटात गायले. १९५० च्या तुकडीतल्या फेनो हीथ यांनी पुढे चार दशके येलच्या ग्ली क्लबचे नेतृत्व केले.

ही यादी वाचताना एक गोष्ट खटकल्याशिवाय राहत नाही: सगळे पुरुष. १९०९ मध्ये येल पदवीस्तरावर पुरुषांचेच होते. १९६९ मध्ये तिथे मुलींना प्रवेश मिळाला आणि त्याच वर्षी ‘न्यू ब्लू’ हा मुलींचा गट सुरू झाला. मॉरीजने स्त्रियांना सभासदत्व दिले ते १९७४ मध्ये, मद्यपरवान्यावरून झालेल्या कायदेशीर लढाईनंतर. १९८१ मध्ये शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनींनी ‘व्हिम अँड ऱ्हिदम’ स्थापला. गायनात तो कुठेही कमी नव्हता, पण मानमरातब, निमंत्रणे आणि कमाई यांत व्हिफनपूफ्सचे पारडे जड राहिले. काही विद्यार्थिनींनी मुद्दाम व्हिफनपूफ्सच्या निवडचाचण्या दिल्या. एकदा सभासदांनी मतदान करून गट पुरुषांपुरताच ठेवला. अखेर फेब्रुवारी २०१८ मध्ये पहिली विद्यार्थिनी व्हिफनपूफ झाली आणि दोन्ही गटांनी दारे सर्वांना खुली केली. आता व्हिफनपूफ्समध्ये टेनर ते बास हे पट्टे गातात, दुसऱ्या गटात सोप्रानो ते आल्टो. निकष आवाजाचा, देहाचा नाही.

तेव्हा काही जुन्या मंडळींना परंपरा बुडाल्यासारखे वाटले. माझ्या मते परंपरा त्या दिवशी अधिक बळकट झाली. चार भागांची बांधणी तीच राहिली, पोशाख तोच, शेवटचे गाणे तेच. गळा लागला तर माणूस आपला, हा संगीतातला जुना न्याय त्यांना उशिरा सुचला, पण सुचला. या गटाचे खरे वैशिष्ट्य पोशाखात किंवा प्रसिद्ध नावांत नाही. जे हाती आहे ते वर्षाअखेर पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती द्यायचे, ही सवय त्याने शतकभर जपली. सत्ता वर्षभराचीच आहे हे ठाऊक असल्यामुळे कुणी तिला चिकटून बसले नाही. म्हणून प्रत्येक नव्या तुकडीला बदलाचा अधिकारही मिळाला.

ही प्रथा इतरत्रही रुजली. स्मिथ कॉलेजच्या विद्यार्थिनींनी १९३६ मध्ये ‘स्मिफनपूफ्स’ सुरू केला, महाविद्यालयीन स्त्रियांच्या गटांत तो सर्वांत जुना. साठ वर्षांनी, १९९६ मध्ये, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या भारतीय घरांतल्या विद्यार्थ्यांनी ‘पेन मसाला’ काढला. पाश्चात्त्य पॉप आणि हिंदी चित्रपटगीते एकमेकांत गुंफणारा हा गट जगातला पहिला हिंदी अ कापेला गट मानला जातो. २००९ च्या दिवाळीत तो व्हाइट हाउसमध्ये ओबामांसमोर गायला आणि २०१५ मध्ये ‘पिच परफेक्ट २’ या हॉलिवूडच्या चित्रपटात झळकला. तिथेही सभासद शिक्षण संपवून जातात आणि गट राहतो.

विद्यार्थी बदलत राहिले तरी संस्था टिकते, याचा दाखला महाराष्ट्राकडेही आहे. पुण्यात १९६३ पासून चालणाऱ्या पुरुषोत्तम करंडकाने एकांकिकांच्या बाबतीत ते करून दाखवले. गाण्याच्या बाबतीत आपली महाविद्यालये अजून स्नेहसंमेलनापुरती आणि स्पर्धेपुरतीच गातात. वाद्यवृंद, ध्वनियंत्रणा, निधी यांची वाट पाहायचे कारण नाही. अभंग, भावगीते, लोकगीते यांचा साठा आपल्याकडे अमाप आहे आणि त्यांची अनेक सुरांतली बांधणी करणे हे तरुण संगीतकारांना आव्हान देणारे काम आहे. एखाद्या महाविद्यालयाने दहा-बारा गळे निवडावेत, आठवड्यातला एक दिवस आणि एक जागा ठरवावी, एक गाणे शेवटासाठी राखून ठेवावे आणि वर्ष संपताच सारे काही पुढच्या तुकडीच्या हवाली करावे. सुरुवात करणाऱ्यांची नावे पुढे कुणाला आठवली नाहीत तरी चालेल. शंभर वर्षांनी तो गट गात असेल, एवढे पुरे.