वारसा आणि बारसे

संगणकशास्त्र शिकणारी मुले ज्या घरात आहेत, तेथे ‘इनहेरिटन्स’ हा शब्द कधी ना कधी कानी पडला असेलच. त्याचा सरळ अर्थ वारसा. नॉर्वेमध्ये डाल आणि न्यूगार्ड या दोघा शास्त्रज्ञांनी ‘सिम्युला ६७’ या भाषेत ही कल्पना रुजविली.

समजा, ‘खाते’ नावाचा एक क्लास, म्हणजे साचा, लिहिला. खातेक्रमांक, शिल्लक, पैसे भरणे, काढणे हे सारे त्यात आले. त्यापासून ‘बचतखाते’ हा क्लास काढला की भरण्या-काढण्याची व्यवस्था पुन्हा लिहावी लागत नाही. ती वारशाने येते. येत नाही तो कन्स्ट्रक्टर, म्हणजे नवी वस्तू जन्मताना तिची प्रारंभीची मूल्ये ठरविणारा भाग. जमीनजुमला वडिलोपार्जित मिळतो, बारसे मात्र ज्याचे त्याचे वेगळे! खात्याच्या कन्स्ट्रक्टरला व्याजदर ठाऊकच नसतो. तोच बचतखात्याला चालविला, तर व्याजदर न ठरताच खाते उघडले जाईल.

विद्यार्थी रडकुंडीला येतात ते पुढे. १९९५ साली आलेल्या जावा भाषेत आपण एकही कन्स्ट्रक्टर लिहिला नाही, तर कंपायलर काहीही न मागणारा एक कन्स्ट्रक्टर आपणहून पुरवितो आणि त्यातून मूळ क्लासच्या तशाच कन्स्ट्रक्टरला गुपचूप हाक मारतो. पण ‘खाते’मध्ये आपण खातेक्रमांक मागणारा कन्स्ट्रक्टर लिहिला, की तेथील हा फुकटचा पुरवठा बंद होतो. मग त्या हाकेला ‘ओ’ देणारे कोणी उरत नाही. बदल झालेला असतो ‘खाते’मध्ये, चूक दाखविली जाते ‘बचतखाते’मध्ये, जेथील एका ओळीलाही कुणी हात लावलेला नसतो! बिचारा विद्यार्थी तेथेच तासन् तास शोधत बसतो.

अशा वेळी पुष्कळजण ‘खाते’मध्ये एक रिकामा कन्स्ट्रक्टर घालून मोकळे होतात. कंपायलर गप्प बसतो खरा. पण आता क्रमांकाविना खाते उघडण्याची वाट खुली होते. रोगापेक्षा इलाज भयंकर तो हाच. योग्य मार्ग असा, की ‘बचतखाते’चा स्वतंत्र कन्स्ट्रक्टर लिहावा, ‘सुपर’ या शब्दाने खातेक्रमांक वर पोहोचवावा आणि व्याजदर तेथेच ठरवावा.

सी प्लस प्लस भाषेने २०११ च्या प्रमाणात थोडी सवलत दिली. एका ओळीत स्पष्ट मागणी केल्यास कन्स्ट्रक्टरही वारशाने मिळतात. मात्र व्याजदराची सोय तेथेही आपणच करून ठेवायची असते.