३८ अधिक २९

मारेगावात माझ्याकडे संगणकशास्त्राच्या पदवीची मुलं प्रॅक्टिकलच्या उजळणीला येतात, तेव्हा मी टेबलावर ८०८५चं किट ठेवतो. इंटेलने १९७६ साली काढलेली ही चाळीस पिनांची चिप. शेजारी थोडी मेमरी, बटणं आणि लाल अंक उजळणाऱ्या सहा चौकटी: चार पत्त्याच्या, दोन त्या पत्त्यावरच्या बाइटच्या. एवढं जुनं कशाला, असं पालक विचारतात. यात काहीच झाकलेलं नाही, म्हणून.

गणित सोपं दिलं होतं. एका घरचा ३८ क्विंटल कापूस, दुसऱ्या घरचा २९, दोन्ही वणीच्या बाजारात जाणार, एकूण किती? मुलांनी आधी वहीत सूचना लिहिल्या: ए रजिस्टरमध्ये ३८ भर, बीमध्ये २९ भर, बेरीज कर, उत्तर २०५० या पत्त्यावर ठेव, थांब. मग कोष्टकातून कोड काढले. ए भरायचा ३ई, बी भरायचा ०६, बेरजेचा ८०, थांबायचा ७६. हे काम असेंब्लर करून देतो, पण पहिल्यांदा ते हातानंच करावं असं माझं ठाम मत आहे. २०५० हा पत्ता मेमरीत आधी ५० आणि मग २० असा जातो, हे स्वतः भरल्याशिवाय डोक्यात बसत नाही.

२००० पासून एकेक बाइट भरला. मध्येच लाईट गेली की रॅममधलं सगळं जातं आणि पुन्हा पहिल्यापासून भरावं लागतं, त्यामुळे वही नीट ठेवायची सवय आपोआप लागते.

"सर, हे त ६१ सांगून राह्यलं!"

यंत्र बरोबरच होतं. आठ आणि नऊ सतरा. आपण दहाचा हातचा घेतो, ते सोळाचा घेतं. म्हणून खाली उरला एक आणि पुढच्या घरात तीन, दोन आणि हातचा मिळून सहा. फरक सहाचा. बेरजेपाठोपाठ डीएए ही सूचना घातली, कोड २७. खालच्या घरातून हातचा गेल्याची नोंद ऑक्झिलरी कॅरी या फ्लॅगमध्ये असते; ती पाहून डीएएने सहा मिळवले. ६७! बाकीच्या फ्लॅगांवरून प्रोग्राम उडी घेऊ शकतो, याच्यावरून नाही, तशी सूचनाच नाही. दहा बोटांवर मोजणाऱ्या माणसाच्या हिशेबासाठी त्या चिपमध्ये एक अख्खी बिट राखून ठेवली आहे. इतकी वर्षं शिकवूनही मला याचं अप्रूप वाटतं.

प्रोग्राम झाला दहा बाइटचा. क्लॉकचे ४० ठोके, म्हणजे ३ मेगाहर्ट्झला साधारण १३ मायक्रोसेकंद. ठोके मोजायला मुलं कंटाळतात, तरी मी सोडत नाही. सूचनेला वेळ लागतो हे इथंच कळतं.

"अन् सर, बेरीज शंभराच्या वर गेली त?" एकीनं विचारलं.

मी उत्तर दिलं नाही. २००३ वरचे २९ काढून ८७ भरायला सांगितलं. २०५० वर आले २५. एकशे पंचविसातले शंभर कुठं गेले? कॅरी फ्लॅगमध्ये. ते मेमरीत उतरवायचे तर सी रजिस्टर आधी शून्य करायचं, हातचा आला असेल तर एकने वाढवायचं आणि ते २०५१ वर ठेवायचं. हातचा नसेल तर वाढवणं ओलांडून पुढं जायला जेएनसी. ती कोष्टकात डी२ शोधू लागली आणि बाकीचे नव्यानं पत्ते मांडायला बसले, कारण मध्ये बाइट घुसले की पुढचे सगळे पत्ते सरकतात.