हवा पाठीला की छातीला?

पिंगळी हे परभणी-पूर्णा लोहमार्गावरचं गाव. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. तरी पाण्यात उतरताना अंगाला काय बांधावं, यावरचा वाद आमच्याकडे विहिरीच्या काठावर पिढ्यान्‌पिढ्या रंगत आलाय. आधी वाळका भोपळा होता, मग झाकण घट्ट लावलेला पत्र्याचा डबा आला आणि त्यानंतर ट्यूब. जुनी माणसं डब्याच्या बाजूची. डबा पाठीला बांधला की अंग आडवं होतं, पाय आपोआप वर येतात, पोरगं लवकर हात मारायला लागतं. आयांचा जीव ट्यूबमध्ये, कारण छातीभोवती हवा असली की तोंड पाण्याबाहेर राहतं. ‘लेकराला पोहायला शिकवायचंय का नुसतं तरंगत ठेवायचंय?’ एवढं कुणी विचारलं की अर्धं भांडण तिथंच मिटायचं.

स्कूबाच्या जगातही गेली कित्येक दशकं नेमका हाच वाद चालू आहे.

1943 मध्ये फ्रान्समध्ये झाक कूस्तो आणि एमिल गान्यान यांनी पाण्याखाली श्वास घ्यायचं साधन, ॲक्वालंग, तयार केलं. त्याचं हृदय म्हणजे एक झडप. युद्धकाळात पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी गॅसवर चालवण्यासाठी गान्यान ज्या झडपेवर काम करत होता, तीच श्वासासाठी बदलून घेतली. त्या साधनात तरंगण्याची सोय नव्हतीच. कमरेला शिसं आणि छातीत घेतलेला श्वास, यांवरच तोल सांभाळायचा. 1961 मध्ये फेन्झी नावाची गळ्यात अडकवायची हवेची पिशवी आली, पुढच्या दशकात अंगात घालायचं जॅकेट. जॅकेटमधली हवा छाती-बगलांभोवती पसरते, त्यामुळे पृष्ठभागावर माणूस उभा आणि निर्धास्त राहतो. फ्लोरिडातल्या पाण्याखालच्या गुहांत शिरणाऱ्यांना मात्र ते गैरसोयीचं वाटलं. तळाशी बारीक गाळ असतो. पाय खाली लोंबले की तो उसळतो आणि बाहेर पडायची वाट दिसेनाशी होते. त्यांनी पाठीला धातूची प्लेट लावली आणि हवेची पिशवी तिच्या मागे टाकली. शरीर आडवं राहतं, हे खरं. पण वर आल्यावर ती पिशवी तोंडावर पालथं पाडू पाहते, हेही तितकंच खरं.

नव्वदच्या दशकात या गुहावाल्यांतल्या एका गटाने आपल्या पद्धतीला ‘डूइंग इट राइट’ असं नाव दिलं. म्हणजे बाकीचे चुकीचे, हे नावातच आलं. त्यांची भाषाही तशीच होती. वेगळी सामग्री वापरणाऱ्यांची टर उडवायची, शिव्या घालायच्या. आणि त्यांचं म्हणणं बरंचसं बरोबर होतं, ही त्यातली अडचण.

त्यांची नळीच पाहा. नेहमीच्या पद्धतीत तुमच्या तोंडातलं, श्वास घ्यायचं रेग्युलेटर आखूड नळीवर असतं आणि सोबत्यासाठीचं दुसरं, म्हणजे ऑक्टोपस, जॅकेटला कुठंतरी अडकवलेलं. गुहावाल्यांनी हे उलटं केलं. सुमारे दोन मीटरची लांब नळी छातीवरून, मानेमागून फिरवून स्वतःच्याच तोंडात. दुसरं रेग्युलेटर रबरी दोरीने गळ्याशी, हनुवटीखाली. हवा संपलेला सोबती घाबरून तोंडातलंच ओढतो, तेव्हा त्याला चालू असलेलं, खात्रीचं साधन मिळतं. आपण मान खाली घालून दुसरं पकडायचं. लांब नळीमुळे अरुंद बोळातून एकामागे एक बाहेर पडता येतं. ही मांडणी आज मोकळ्या समुद्रातले कितीतरी लोकही वापरतात. शिव्यांनी त्यांतला एकही वळला असेल, असं मला वाटत नाही. कुणीतरी शांतपणे करून दाखवलं, म्हणून ते वळले.

नायट्रॉक्सचंही तेच झालं. हवेपेक्षा जास्त प्राणवायू असलेल्या या मिश्रणाला त्याच सुमारास सैतानी वायू म्हणून हिणवलं गेलं. काही वर्षांत मोठ्या प्रशिक्षण संस्था तो वापरायला शिकवू लागल्या.

या धंद्यात बोलणं सभ्य ठेवायला एक रोकडं कारण आहे. पाण्याखाली तुमची सामग्री तुमच्या एकट्याची नसते. सोबत्याची हवा संपली तर तो तुमच्या सिलिंडरमधून श्वास घेणार. म्हणून उतरण्याआधी एकमेकांची बकलं, झडपा, नळ्या हाताने चाचपून बघायची रीत पडली. ‘तुझं हे असं का?’ हा प्रश्न तिथं टोमणा ठरत नाही.

आपल्याकडे मालवण-तारकर्लीला स्कूबा रुजलं ते अलीकडे. एमटीडीसीने तारकर्लीत प्रशिक्षण संस्थाही उभारली. परभणीकडून सुट्टीत जाणारे आता सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ हौसेने डुबकी मारून येतात. त्यांच्या वाट्याला निवड येत नाही. होडीवर जे असेल ते अंगावर चढतं आणि इन्स्ट्रक्टर सिलिंडर धरून नेतो. ते ठीकच आहे, पहिल्या डुबकीला मतं असायची गरज नाही. तरी हवेचा काटा किती दाखवतोय आणि दुसरं तोंडात धरायचं कुठं आहे, एवढं विचारायला हरकत नाही. चांगला इन्स्ट्रक्टर यावर रागावत नाही, हात धरून दाखवतो. जो रागावेल, त्याच्या होडीतून उतरावं.