काम संपते, अनुभव कोठे जातो?

कारखान्यात तीच यंत्रे आणि बहुधा तीच माणसे वर्षानुवर्षे असतात. बांधकाम कंपनीचा ‘कारखाना’ मात्र काही वर्षांनी जागा बदलतो. काम पूर्ण झाले, की साइटवरचे कार्यालय मोडते, अभियंते पांगतात, मुकादम आपली माणसे घेऊन दुसऱ्या गावची वाट धरतो. त्यांच्याबरोबर गेलेल्या अनुभवाची नोंद कंपनीच्या ताळेबंदात होत नाही.

इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची या जपानी अभ्यासकांनी १९९५ मध्ये शब्दांत मांडता येणारे ज्ञान आणि अंगवळणी पडलेले ज्ञान असा भेद उद्योगजगतापुढे ठेवला. नकाशे व चाचणी अहवाल पहिल्या प्रकारात मोडतात. ओल्या मातीकडे पाहून खोदाई थांबवणाऱ्याची नजर दुसऱ्या प्रकारातली. ती फाइलीत लावता येत नाही.

कोकण रेल्वेचे उदाहरण बोलके आहे. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले आणि १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग खुला झाला. सह्याद्रीच्या कठीण खडकापेक्षा गोव्यातील मऊ, पाणथळ मातीने अभियंत्यांना अधिक छळले. पेडण्याच्या बोगद्यात ती वारंवार ढासळत होती. त्याच बोगद्यात जुलै २०२४ मध्ये पाणी व चिखल शिरला आणि वाहतूक ठप्प झाली. खोदाईला तोवर पाव शतक लोटले होते. अशा वेळी कोणत्या अंतरावर कोणता थर लागला, पाणी कोणत्या बाजूने आले, आधार कसा दिला, या जुन्या नोंदींचे मोल कळते. दुसरीकडे, महामंडळाचे प्रमुख ई. श्रीधरन १९९७ मध्ये दिल्ली मेट्रोची धुरा घेऊन गेले, तेव्हा कोकणातील कार्यपद्धतीही त्यांच्यासोबत राजधानीत पोहोचली.

मग कंपन्या लिहून का ठेवत नाहीत? वेळ नाही, हे नेहमीचे उत्तर. ते अर्धेच खरे. कंत्राटाचा वाद लवादापुढे गेला, तर चुकीची लेखी कबुली आपल्यावरच उलटेल, ही धास्ती मोठी असते. त्यामुळे अहवालात सारे सुरळीत असते आणि खरी हकिगत चहाच्या टपरीवरच ऐकायला मिळते. शिवाय प्रत्यक्ष काम पोटकंत्राटदाराच्या माणसांनी केलेले असते आणि त्यांना विचारण्याची पद्धतच नाही.

यावर महागडी संगणकप्रणाली घेण्याची हौस अनेकांना असते; भरणारा कोणी नसेल, तर ती रिकामीच राहते. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे चमू पांगण्यापूर्वी मुकादमासह सर्वांची बैठक घेणे आणि नकाशात प्रत्यक्ष झालेले बदल त्याच आठवड्यात उतरवणे. पुढच्या कामाची निविदा भरणाऱ्या अभियंत्याला त्या बैठकीस आवर्जून बसवावे, कारण दरात जोखीम धरायची की नाही, हे त्यालाच ठरवायचे असते.