तीन वर्षांसाठी बांधलेली 'विक्रांत'

१९४२ साली ब्रिटिश नौदलाला विमानवाहू नौका हव्या होत्या आणि त्या ताबडतोब हव्या होत्या. 'इलस्ट्रियस'सारखी चिलखती नौका बांधायला मोठी गोदी आणि वर्षंच्या वर्षं लागत. तेव्हा विकर्स-आर्मस्ट्राँगच्या आरेखकांनी चिलखत वगळलं आणि मुख्य डेकपर्यंतची बांधणी व्यापारी जहाजांच्या नियमांनुसार ठेवली. युद्धनौकेचा अनुभव नसलेल्या गोदीलाही हे काम घेता यावं, हा त्यामागचा विचार. वेग जेमतेम २५ नॉट. युद्ध संपेपर्यंत किंवा फार तर तीन वर्षं टिकल्या तरी पुरे, असा हिशेब होता.

अशा सोळा नौकांची बांधणी सुरू झाली, दहा 'कोलोसस' वर्गाच्या आणि सहा 'मॅजेस्टिक' वर्गाच्या. पहिल्या काही पॅसिफिकमध्ये पोहोचेपर्यंत युद्ध आटोपलंच. पण त्यांची खरी कामगिरी पुढेच झाली. ३ डिसेंबर १९४५ ला ब्रिटिश वैमानिक एरिक ब्राउन यांनी निखळ जेट विमान पहिल्यांदा नौकेवर उतरवलं, ते 'ओशन'वर. वाफेच्या कॅटापल्टच्या चाचण्या 'पर्सियस'वर झाल्या, तिरकस धावपट्टीच्या 'ट्रायम्फ'वर. कोरियाच्या युद्धात तर ब्रिटनची भिस्त याच नौकांवर होती. फ्रान्स, नेदरलँड्स, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, ब्राझील, अर्जेंटिना या देशांच्या नौदलांत त्या गेल्या. अवाढव्य खर्च न झेपणाऱ्या देशांना समुद्रावरून विमानं उडवायची संधी या स्वस्त आराखड्याने दिली.

'हर्क्युलिस' त्यांतलीच. सप्टेंबर १९४५ मध्ये तिचं जलावतरण झालं, १९४६ मध्ये काम थांबलं आणि नौका अर्धवटच राहिली. १९५७ मध्ये भारताने ती घेतली. बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फ गोदीने तिरकस धावपट्टी आणि वाफेचं कॅटापल्ट बसवून ती पूर्ण केली. ४ मार्च १९६१ ला ती 'विक्रांत' या नावाने भारतीय नौदलात दाखल झाली आणि ३ नोव्हेंबरला मुंबईत आली. पुढच्याच महिन्यात गोव्याच्या मुक्तीच्या वेळी ती समुद्रात पहाऱ्यावर होती.

१९६५ च्या युद्धात मात्र ती मुंबईच्या गोदीत दुरुस्तीला होती. १९७१ च्या युद्धातही तीच वेळ येणार अशी चिन्हं होती, कारण १९७० मध्ये बॉयलरच्या ड्रमला भेगा आढळल्या होत्या. विमानवाहू नौकेत ही गोष्ट फार गंभीर. वाफेवरच प्रॉपेलर फिरतात आणि त्याच वाफेवर कॅटापल्ट विमान फेकतं. शिवाय उड्डाणाला समोरून जोरकस वारा लागतो. निसर्गाने तो दिला नाही तर नौकेनेच वेगाने धावून निर्माण करायचा. बॉयलर दुबळे म्हणजे वेग कमी, आणि डिसेंबरात बंगालच्या उपसागरात वाराही मंद. तरीही नौका युद्धात उतरलीच पाहिजे, असा नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा यांचा आग्रह होता. एक बॉयलर बंद ठेवून, बाकीचे जपून वापरत ती पूर्वेला गेली. ४ डिसेंबरला 'सी हॉक' विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ले चढवले. पुढे 'अलिझे' विमानंही त्यांत उतरली. पूर्व पाकिस्तानची समुद्रवाट बंद झाली. वैमानिकांच्या शौर्याची चर्चा खूप होते, ती व्हायलाच हवी. पण इंजिनखोलीच्या उकाड्यात त्या भेगाळलेल्या बॉयलरांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणाऱ्यांचा वाटा मला तेवढाच मोठा वाटतो.

ऐंशीच्या दशकात कॅटापल्ट गेलं. 'सी हॅरियर' विमानांसाठी पुढच्या टोकाला चढ बसवला गेला. ३१ जानेवारी १९९७ ला, छत्तीस वर्षांच्या सेवेनंतर, ती निवृत्त झाली. मुंबईत काही वर्षं तिचं संग्रहालय होतं. ते २०१२ मध्ये बंद पडलं, राज्य सरकारला पैसा घालणारा भागीदार मिळाला नाही आणि सुमारे साठ कोटींना ती भंगारात गेली. २०१४ च्या अखेरीस मुंबईतल्याच दारूखाना इथल्या जहाजतोडणी यार्डात तिच्यावर गॅसकटर चालू लागले. तिची चुलतबहीण, ब्राझीलची 'मिनास जेराइस', दहा वर्षं आधी आपल्याच अलंगला मोडली गेली होती. सोळांपैकी शेवटची उरलेली नौका जपण्याची संधी जगात फक्त मुंबईला मिळाली होती आणि मुंबईने ती घालवली.