सरकारी सर्टिफिकेटलाही ब्राउझर 'नाही' का म्हणतो?

साताऱ्यात किंवा सांगलीत घरबसल्या सातबारा काढायचा तर महाभूमीची वेबसाइट उघडावी लागते. समोरची वेबसाइट खरंच त्या पत्त्यावरची आहे की मध्येच कुणी बनावट पान दाखवतंय, हे ब्राउझर सर्टिफिकेट बघून ठरवतो. हे सर्टिफिकेट देणारी संस्था म्हणजे सर्टिफिकेट ऑथॉरिटी, थोडक्यात 'सीए'.

सीए कुणीही सुरू करू शकतं का?

हो. मोफत सॉफ्टवेअर आणि एक लॅपटॉप पुरतो. पण ते सर्टिफिकेट मानणार कोण? गूगल, ॲपल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला यांच्याकडे विश्वासू सीएंच्या याद्या असतात. यादीत यायचं तर गुप्त डिजिटल किल्ली खास सुरक्षित यंत्रात ठेवावी लागते, नियमावली जाहीर करावी लागते आणि दरवर्षी बाहेरच्या ऑडिटरकडून तपासणी करून घ्यावी लागते. मोझिला तर अर्जावर जाहीर चर्चा घेते.

याला वर्षं लागतात. मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या 'लेट्स एन्क्रिप्ट'ने 2015 मध्ये दुसऱ्या सीएच्या भरवशावर काम सुरू केलं. सगळ्या मोठ्या याद्यांत स्वतःचं नाव यायला 2018 उजाडलं.

मग भारताचं काय झालं?

आयटी कायदा, 2000 नुसार आपल्याकडे 'सीसीए' हे नियंत्रक कार्यालय आहे. त्याचं मूळ सर्टिफिकेट मायक्रोसॉफ्टच्या यादीत होतं. पण जुलै 2014 मध्ये त्याच्या हाताखालच्या एनआयसीकडून गूगलच्या डोमेनची अनधिकृत सर्टिफिकेटं दिली गेल्याचं उघड झालं. सीसीएने एनआयसीची सर्टिफिकेटं रद्द केली. तरी गूगलने क्रोममध्ये सीसीएवरचा विश्वास सरकारी डोमेनसारख्या मोजक्या डोमेनपुरता ठेवला.

बेंगळुरूच्या 'ई-मुद्रा' या खासगी कंपनीने मात्र ऑडिटची वाट धरून मोठ्या याद्यांत जागा मिळवली. सरकारने 2023 मध्ये स्वदेशी ब्राउझरची स्पर्धा जाहीर केली. त्यात सीसीएचं सर्टिफिकेट असावं, ही अट होती. मार्च 2025 मध्ये झोहोच्या टीमला 1 कोटींचं पहिलं बक्षीस मिळालं.

तुम्ही काय लक्षात ठेवायचं?

ब्राउझरने सर्टिफिकेटबद्दल इशारा दिला, तर तिथे ओटीपी किंवा बँकेची माहिती टाकू नका. आणि इशारा आला नाही म्हणजे वेबसाइट प्रामाणिक आहे, असंही नाही. सर्टिफिकेट भामट्यालाही मिळतं. त्यामुळे पत्ता अक्षर न् अक्षर वाचा.